कोळशाच्या गावचे पतंग



वसंत व्याख्यानमालेत बोलणाऱ्याला काही श्रोते असे लाभतात की ज्यांना कोणी निमंत्रण दिलेले नसते. व्यासपीठावरचा दिवा लागला की ते येतात, वक्त्याच्या कागदावर बसतात, अध्यक्षांच्या पागोट्याभोवती, आता पागोटी गेली म्हणून टकलाभोवती, घिरट्या घालतात आणि आभारप्रदर्शन झाल्यावरही उठत नाहीत. १८७५ साली पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंतातील व्याख्यानांची ही प्रथा सुरू झाली. त्या पहिल्या संध्याकाळीही दिव्याजवळ हे श्रोते हजर असले पाहिजेत, असे मला वाटते. वैशाखाची रात्र, उघडी जागा आणि दिवा एवढे तीन योग जमले की पतंग येणारच. गेली दीडशे वर्षे आपण त्यांना रुमालाने हाकलीत आलो. आज मी त्यांच्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

इतिहासाचे व्याख्यान म्हणून जाहीर झाले आणि हा गृहस्थ किड्यांवर घसरला, असे आपणांस वाटले असेल. माझे म्हणणे असे की, हा इतिहासाचाच विषय आहे. किंबहुना माजरीसारख्या कोळशाच्या गावात तर तो अधिकच आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी मला जरा दूर जावे लागेल.

पतंग आपल्या वाङ्मयाला नवा नाही. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात तो ज्वाळेत उडी घेतो, तेव्हापासून आपल्या कीर्तनकारांनी आणि कवींनी त्याला दिव्यावर जाळण्याचा जणू विडाच उचलला आहे. मोहाने मरणारा तो पतंग, प्रेमाने मरणारा तोही पतंगच. पण हा पतंग कोणता, त्याची अळी कोणत्या झाडावर वाढली, तो ज्येष्ठात येतो की कार्तिकात, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. एक गोष्ट तर आता शास्त्रज्ञांनीच मोडीत काढली आहे. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी पतंगांची उड्डाणे टिपली. त्यांत असे दिसले की पतंग दिव्याकडे झेपावत नाही. तो आपली पाठ उजेडाकडे करू पाहतो. लक्षावधी वर्षे रात्रीचा उजेड वरून, आकाशातून आला. म्हणून उजेड असेल तिकडे वर, एवढेच त्याचे शरीर जाणते. दिवा बाजूला असला की बिचारा बाजूलाच वर समजतो आणि त्या चक्रात सापडतो. तेव्हा तो प्रेमिक नव्हे की मोहांधही नव्हे. वाट चुकलेला प्रवासी आहे. या संशोधकांत यश सोंधी हे भारतीय नावही आहे, हे जाता जाता नमूद करतो.

असो. आता मुद्द्याकडे येतो.

इंग्लंडात मँचेस्टर नावाचे शहर आहे. कापसाच्या गिरण्या आणि कोळशाचा धूर यांमुळे एकोणिसाव्या शतकात ते जगभर गाजले. आपल्या वऱ्हाडचा कापूसही तिकडच्या गिरण्यांकडे जात असे. त्या शहराच्या आसपास बिस्टन बेट्युलॅरिया या नावाचा एक पतंग असतो. पांढऱ्या अंगावर काळ्या मिऱ्यांची पूड टाकावी तसा तो दिसतो. तिकडचा उन्हाळा सुरू झाला की तो उडू लागतो आणि दिवसा झाडाच्या सालीवर निपचित बसून राहतो. सालीवर दगडफुलासारखे फिके शेवाळ असते, त्यात तो मिसळून जातो आणि पक्ष्यांना दिसत नाही. १८४८ साली मँचेस्टरला या जातीचा एक अगदी काळा पतंग सापडला. त्या काळी तिकडे पतंग गोळा करून टाचणीला लावण्याचा छंद गिरणीवाल्यांपासून पाद्र्यांपर्यंत सर्वांना होता. काळा पतंग म्हणजे एक दुर्मीळ गंमत, एवढेच त्याचे महत्त्व होते.

पण आर. एस. एडल्स्टन नावाच्या एका संग्राहकाने ही गोष्ट ध्यानात ठेवली. सोळा वर्षांनी, १८६४ साली, त्याने आपल्या घराच्या बागेत या जातीच्या काही कुमारी माद्या ठेवल्या. मादी हलत नाही, ती हवेत गंध सोडते आणि दूरदूरचे नर त्या गंधावर येतात. आले ते बहुतेक काळे. एडल्स्टनला आश्चर्य वाटले. हे असेच चालले तर काही वर्षांत मूळचा ठिपकेवाला पतंग या भागातून नाहीसा होईल, असे त्याने लिहून ठेवले. श्रोतेहो, हा कोणी विद्यापीठातला पंडित नव्हे. एका माणसाच्या घरामागची बाग, काही रात्री आणि तारखेसह चार ओळी, एवढाच हा सारा खटाटोप. पण १८९५ च्या सुमारास मोजदाद झाली तेव्हा मँचेस्टरच्या भागात शंभरांतले अठ्ठ्याण्णव पतंग काळे निघाले.

पुढच्याच वर्षी जे. डब्ल्यू. टट याने त्याचे कारण मांडले. धुराने शेवाळ मेले, काजळीने झाडे काळी झाली. काळ्या सालीवर पांढरा पतंग उठून दिसू लागला आणि पक्ष्यांनी तो वेचून खाल्ला. काळा वाचला, त्याची प्रजा वाढली. डार्विनने जो निवडीचा नियम सांगितला तो माणसाच्या एका-दोन पिढ्यांत, डोळ्यांदेखत घडत होता. केटलवेलने १९५३ आणि १९५५ साली जंगलात प्रयोग करून हे पडताळून पाहिले. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुराचे ते प्रसिद्ध प्राणघातक धुके पसरले. त्यानंतर १९५६ मध्ये तिकडे स्वच्छ हवेचा कायदा झाला. चुली आणि भट्ट्या बदलल्या. मग एक विलक्षण गोष्ट घडली. काळे पतंग कमी होऊ लागले.

ते कमी होत आहेत हे कोणी सांगितले? पुन्हा एक घरची बाग. लिव्हरपूलचे सर सिरिल क्लार्क हे व्यवसायाने वैद्य. आईचे आणि गर्भाचे रक्त ऱ्हीसस गटाच्या दृष्टीने जुळत नाही, तेव्हा बाळ दगावू नये म्हणून जी लस टोचतात, ती शोधणाऱ्या मंडळींत त्यांचा मोठा वाटा आहे. आणि ती दिशा त्यांना मिळाली ती फुलपाखरांच्या आनुवंशिकतेच्या छंदातून, म्हणजे ज्याला आपण रिकामटेकडेपणा म्हणू त्यातून. हे क्लार्क १९५९ पासून आपल्या घरी उन्हाळ्याच्या रात्री पतंगांचा सापळा लावीत आणि काळे किती, पांढरे किती, हे लिहून ठेवीत. पहिल्या वर्षी काळ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर होते. शतक संपत आले तेव्हा ते विसाच्या खाली आले होते. चाळीस वर्षे एकाच बागेत, एकाच रीतीने. आपल्याकडे चाळीस वर्षे एका जागी टिकणारी गोष्ट म्हणजे कोर्टातला खटला.

केटलवेलच्या प्रयोगांवर पुढे आक्षेप आले. त्याने पतंग नको तेथे बसवले, आकडे सोयीचे निघाले, असे म्हटले गेले. त्यावर केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात पुन्हा सारे प्रयोग केले. ते कोठे केले असतील? स्वतःच्या घराच्या बागेत. जवळजवळ पाच हजार पतंग त्यांनी सोडले, आणि पक्षी कोणता पतंग उचलतात हे स्वतः पाहून टिपले. २००९ साली ते वारले. त्यांचे आकडे २०१२ मध्ये सहकाऱ्यांनी छापले आणि टटचे म्हणणे खरे ठरले. २०१६ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी तर काळेपणा आणणारा तो जनुकातला बदलच हुडकला, आणि तो १८१९ च्या आसपास घडला असावा असा अंदाज केला. म्हणजे एडल्स्टनच्या किती तरी आधी, कारखान्यांच्या पहिल्या बहरात.

कोळशाचा इतिहास आपण कसा लिहितो? खाण केव्हा उघडली, किती टन निघाला, आगगाडी केव्हा आली, संप केव्हा झाला. मँचेस्टरच्या कोळशाचा आणखी एक इतिहास एका पतंगाच्या पंखावर लिहिलेला होता आणि तो वाचता आला, कारण काही माणसांनी घरच्या बागेत तारीख टाकून नोंद केली होती. नोंद नसती तर पतंग बदलला असता आणि पुन्हा पूर्वीसारखा झालाही असता, आणि कोणालाच कळले नसते.

आता आपल्याकडे पाहा. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला. तोच पुढे बल्लारशाकडे गेला आणि १९२९ साली काझीपेठेशी जोडला जाऊन दिल्ली–मद्रास मार्ग झाला. त्या मार्गावर आपली माजरी जंक्शन म्हणून उभी राहिली, वणीकडे फाटा फुटला, भोवती खाणी झाल्या. म्हणजे एडल्स्टनच्या बागेनंतर दहा वर्षांच्या आतच वर्धेच्या खोऱ्यात कोळसा निघू लागला होता. तेव्हा या झाडांवर कोणते पतंग बसत होते? वरोऱ्याच्या स्टेशनातल्या पहिल्या कंदिलावर काय आले? ते सांगणारी एकही ओळ मला आजवर आढळली नाही.

पतंगांची नोंद करणारी माणसे त्या काळी या देशात नव्हती असे नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या भायखळ्यातील वस्तुसंग्रहालयात आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी मुंबईची निसर्गेतिहास संस्था, जिला आपण बी.एन.एच.एस. म्हणतो, ती स्थापिली. या आठांत दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि मुंबईच्या औषधी वनस्पतींवर लिहिणारे डॉक्टर सखाराम अर्जुन, म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. याच आठांत कर्नल चार्ल्स स्विन्हो हा लष्करी अधिकारी होता. मुंबई आणि दख्खन येथील फुलपाखरे व पतंग यांची मोठी यादी त्याने १८८५ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीच्या कार्यवृत्तात छापली. साताऱ्यास जन्मलेला एडवर्ड एटकिन हाही त्यांतलाच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवून तो मिठाच्या खात्यात गेला, आणि बंगल्याच्या व्हरांड्यात येणाऱ्या उंदीर, मुंग्या, कोळी, पतंग यांच्यावर त्याने अशी मिस्किल पुस्तके लिहिली की ती आजही हसत हसत वाचावीत. नंतर सर जॉर्ज हॅम्पसन, जो आधी निलगिरीत चहाचा मळेवाला होता, त्याने १८९२ ते १८९६ या काळात हिंदुस्थानच्या पतंगांवर चार खंड लिहून पाच हजारांहून अधिक जाती वर्णिल्या. आजही या विषयात शिरणाऱ्याला ते चार खंड चुकत नाहीत.

मोठीच कामे ही. पण या ग्रंथांतली गावे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. जेथे साहेबाची छावणी, जेथे साहेबाचे थंड हवेचे ठिकाण, तेथले पतंग ग्रंथात गेले. पुणे, मुंबई, महाबळेश्वर, निलगिरी, सिक्कीम, कारवार. कारवारचे नाव टी. आर. बेल या जंगल अधिकाऱ्यामुळे. त्याने अळ्या घरी पाळून, एकेकीचे झाड आणि कोश टिपून ठेवले. १९३७ साली स्कॉटच्या सोबतीने लिहिलेल्या रुईपतंगांच्या, म्हणजे त्या ससाण्यासारख्या वेगाने उडणाऱ्या पतंगांच्या, खंडाचा पाया तोच. चांद्याच्या वाट्याला असा बेल आला नाही. वनखात्याने पाहिले ते सागाच्या नुकसानीच्या दृष्टीने. आलापल्लीच्या सागाला पावसाळ्याच्या आरंभी नवी पालवी फुटली की एक अळी ती फस्त करते, आणि पावसाळा सरता सरता दुसरी अळी पानांची नुसती जाळी ठेवते. या दोन्ही पतंगांच्याच अळ्या. डेहराडूनच्या बीसनने १९४१ साली जंगलातील किड्यांवरच्या आपल्या ग्रंथात त्यांचा पुरा हिशेब दिला. पण तो शत्रूचा हिशेब आहे, शेजाऱ्याचा नव्हे.

आणि तरीही एका पतंगाला चांदा जिल्हा शतकानुशतके ओळखतो. तो म्हणजे टसरचा पतंग. आपल्या भाषेत कोशाचे पाखरू. आरमोरी, सिंदेवाही, नागभीड या झाडीच्या मुलखात ढिवर मंडळी ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकवीत आली. मासे मारणारी ही माणसे पावसाळ्यात झाडांखाली राहतात, गोफण घेऊन पाखरे हाकतात, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्यावर नजर ठेवतात. आपल्याकडे रेशीम हा शब्द आला की तुतीची पाने खाणारा, माणसाच्या हातावर जगणारा पांढरा किडा डोळ्यांपुढे येतो. कोशाचा किडा तसा नव्हे. तो रानटी, उघड्यावर वाढणारा. हिरवागार, बोटभर जाड किडा चार वेळा कात टाकतो आणि फांदीला देठाने पक्का बांधलेला, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा टणक कोसा विणतो. पुढे कोसा फोडून जो पतंग निघतो त्याला खाण्याचे तोंडच नसते. आठवडाभर जगायचे, जोडीदार शोधायचा, मादीने दीड-दोनशे अंडी घालायची आणि संपायचे. त्याच्या चारही पंखांवर एकेक गोल खिडकी असते, अभ्रकाचा तुकडा बसवावा तशी आरपार. मी प्रथम ती पाहिली तेव्हा पंखामागे धरलेले वर्तमानपत्राचे अक्षर मला तीतून वाचता आले.

साहेबांना या पतंगाचे वेड लागले ते पैशासाठी. रॉक्सबर्गने १८०२ मध्येच बंगालच्या टसरावर निबंध वाचला होता. पुढे लीक गावच्या टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याने टसरला रंग धरवण्याची युक्ती साधली आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हे कापड मांडले. त्याच दशकात पुण्यात मेजर कूसमेकर हा अधिकारी टसरचे किडे पाळण्याचे प्रयोग करीत होता आणि वॉर्डलने आपल्या पुस्तकात त्याच्या अहवालांचा उपयोग केला. म्हणजे पुण्याच्या एका भागात रानडे वसंतातली व्याख्याने भरवीत होते आणि दुसऱ्या भागात एक मेजर अळ्यांची वाढ आणि कोशांची संख्या टिपीत होता. दोघांना एकमेकांची वार्ता असेल असे वाटत नाही. मेजरचा धंदा पुण्यात काही रुजला नाही. जी विद्या त्याने वर्षानुवर्षे खटपट करून टिपली ती झाडीपट्टीतल्या ढिवराच्या घरी लहान पोरालाही ठाऊक होती. फरक एवढाच की मेजरने लिहिले.

आरमोरीकडचे एक वृद्ध ढिवर बाबा मुलाच्या नोकरीनिमित्त इकडे खाणीच्या वसाहतीत येऊन राहिले होते. त्यांनी गावाकडून आणलेले चार कोसे मला दिले. फाल्गुनाचे दिवस होते. मी विचारले, ‘‘बाबा, यातून पाखरू कोणत्या तारखेला निघेल?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘गुरुजी, तारीख कायले पाह्यजे? पाणी आला का कोसा फुटतेच.’’ आणि खरेच, चैत्र गेला, वैशाख गेला. आपला चांद्याकडचा वैशाख तो. पारा पंचेचाळिसाच्या वर, कौले तडकतात, पण कोसा खिळ्याला टांगलेला तसाच. कानाशी हलवला की आतला जीव खुळखुळतो, एवढीच खूण. मृगाच्या सरी आल्या, हवेत ओल आली आणि एका रात्री पहिल्या कोशाच्या डोक्याशी ओला डाग पडला. पाखरू आपल्या तोंडातून एक रस सोडते, त्याने ती लाकडासारखी भिंत मऊ होते आणि ते रेटून बाहेर येते. सकाळी खिडकीच्या गजाला मादी लोंबत होती.

शास्त्रज्ञ याला सुप्तावस्था म्हणतात. कोशातला जीव हिवाळा-उन्हाळा निजून काढतो आणि पावसाच्या हवेने जागा होतो. बाबांचे वाक्य आणि शास्त्रज्ञांचे वाक्य एकच आहे. पण बाबांच्या आजोबांच्या काळी कोसा केव्हा फुटे, आज केव्हा फुटतो, पाऊस मागे सरकला तसा पतंगही सरकला काय, हे आता बाबाही सांगू शकत नाहीत. तेथे तारीखच लागते. पुढल्या उन्हाळ्यात मी त्यांना विचारायला गेलो तेव्हा ते परत गावी गेले होते, आणि त्यानंतर गेलेच. त्यांना विचारायच्या बावीस गोष्टी माझ्या वहीत लिहून ठेवलेल्या आहेत.

वहीचे निघाले म्हणून माझी एक फजिती सांगतो. माजरीस माझ्या घरामागे पंधरा-वीस हात लांबीची बाग आहे. तीत कण्हेर, तगर, एरंड, शेवगा, लिंबू आणि करोनाच्या साथीत सर्वांनी लावली तशी मीही लावलेली गुळवेल. तेथे मी पहिली दोन वर्षे मोठ्या हौसेने पतंग पाहिले आणि वही भरली. ‘आज फार मोठा हिरवा पतंग, लांब शेपट्या, डोळे दिपले.’ ‘तपकिरी, घुबडासारखा.’ नंतर एका जाणत्या गृहस्थाला ती दाखवली. त्यांनी पाने उलटली आणि विचारले, ‘‘केव्हा?’’ मी म्हणालो, उन्हाळ्यात. ‘‘कोणत्या?’’ मी गप्प. दोन वर्षांची वही, आणि एकाही पानावर तारीख नाही! ती वही म्हणजे आता नुसती माझी दैनंदिनी आहे. पुरावा म्हणून तिची किंमत शून्य.

तेव्हापासूनची रीत सांगतो, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. दोरीवर एक जुने पांढरे धोतर ताणून टांगावे. त्यापुढे दिवा, ज्या दिव्यात अतिनील किरण अधिक, त्यावर पतंग अधिक येतात, म्हणून नव्या एलइडीपेक्षा जुन्या पाऱ्याच्या दिव्यावर गर्दी मोठी होते. तिन्हीसांजेपासून साडेदहापर्यंत बसावे, मग दिवा विझवावा. नाही तर पाली आणि पहाटेचे कोतवाल पक्षी आपले पाहुणे फराळाला घेतात. वहीत तारीख, वेळ, जागा, हवा, कोणता पतंग, किती. मी त्यात पंचांगातली तिथीही टाकतो. हे धार्मिक कारणाने नव्हे. पौर्णिमेच्या लखख चांदण्यात दिव्यावर पतंग थोडे येतात, अवसेच्या सुमारास धोतर भरून जाते. तिथी लिहिली नाही तर आकडे फसवतात. आणि ज्या रात्री एकही आला नाही, त्या रात्रीही शून्य लिहावे. हे शून्य लिहिणे सर्वांत कठीण. माणसाला वाटते, लिहायला काही नाही.

ओळख हळूहळू पटते. कण्हेर आणि तगर यांवर निळ्या डोळ्याची हिरवी अळी दिसली की तिचा पतंग संगमरवरी हिरवा आणि गुलाबी. १७५८ सालीच लिनियसने त्याला कण्हेरीचे नाव दिले. गुळवेलीवर अंग मुडपून, डोळे वटारल्यागत बसणारी काळी अळी ही नागपुरी संत्र्याचा रस शोषणाऱ्या पतंगाची. माझी औषधी वेल म्हणजे बागाईतदाराच्या शत्रूचे बाळंतघर आहे, हे कळले तेव्हा मला अंमळ ओशाळल्यागत झाले. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांची जी गोधडी जमते, तिला रॉकेलचा बोळा दाखवण्याआधी एकदा मोजावी. आणि डाळिंबावर, एरंडावर वाढणारा एक पिवळा-हिरवा पतंग आहे. १८२७ साली एका फ्रेंच पंडिताने त्याचे नाव विष्णू ठेवले. आपल्या दारात विष्णू येतो आणि आपण बल्ब बंद करतो!

पतंग मोजणे हा रिकाम्यांचा उद्योग, असे कोणी म्हणेल. त्याने वरोरा-भद्रावतीच्या कापसाच्या शेतात जावे. गुलाबी बोंडअळी ही एका लहानशा करड्या पतंगाची अळी. तिचे शास्त्रीय वर्णन १८४० च्या दशकात साँडर्सने केले तेही आपल्या देशातल्या, भडोचच्या कापसातून गेलेल्या नमुन्यांवरून. २००२ मध्ये बीटी कापूस आला, अळी गेली असे सर्वांनी धरले, आणि २०१७ साली ती विदर्भभर उसळली. आता कृषिखाते शेतात कामगंध सापळे लावायला सांगते. सापळ्यात मादीच्या गंधाची गोळी असते. म्हणजे एडल्स्टनच्या बागेतलीच युक्ती, फक्त मादीऐवजी गोळी. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की फवारणीचा विचार करायचा. ज्याने मोजले तो वेळेवर फवारतो. ज्याने मोजले नाही तो भीतीने फवारतो किंवा उशिरा फवारतो. त्या २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेला नाहीत. आठ हा आकडा तेथे केवळ आकडा राहत नाही.

आता आपल्या खाणीविषयी. माजरीच्या आसपास रात्री उभे राहिले तर क्षितिजावर खाणीच्या मनोऱ्यांवरचे दिवे दिसतात. जुनी माणसे सांगतात, पूर्वी दिव्यांखाली सकाळी पतंगांची रास पडे, आता पडत नाही. त्यावरून कोणी म्हणतो धुळीने मेले, कोणी म्हणतो फवारणीने, कोणी म्हणतो दिवे बदलले. यांपैकी कोणतेही खरे असेल. माझ्यासारख्याने यांत एकाची बाजू घेऊन टाळ्या मिळवणे सोपे आहे. परंतु रास किती होती, हे कोणी मोजले नव्हते. जर्मनीत क्रेफेल्ड गावच्या हौशी कीटकमंडळाने सत्तावीस वर्षे जाळ्यांत सापडणारे उडते किडे तोलले, म्हणून २०१७ साली त्यांना सांगता आले की ते तीन चतुर्थांशांहून अधिक घटले. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेतावर १९३३ साली पहिला दिव्याचा सापळा लागला आणि त्याच्या आधारावर पुढे देशभर जाळे उभे राहिले. आमच्याकडे ‘पूर्वी पुष्कळ असत’ एवढाच पुरावा. पुष्कळ हा शब्द कोणत्याही चौकशीत टिकत नाही.

मँचेस्टरचा काळा पतंग माजरीत सापडेल अशी आशा मी आपणांस लावीत नाही. तिकडची ओली हवा, ते शेवाळ, ती काजळी वेगळी. इकडे उघड्या खाणीची धूळ, कोरडा उन्हाळा आणि पानगळीचे रान. येथे काय बदलले असेल ते वेगळेच असेल. कदाचित एखादी जात महिनाभर आधी येत असेल, एखादी नदीकाठच्या अर्जुनांबरोबर गेली असेल. हिंदुस्थानात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत; त्यांतल्या माजरीच्या किती, याची यादी ज्या दिवशी सुरू होईल तो या विषयातला आपला १८४८. माझ्या वहीत आज त्र्याहत्तर आहेत. त्यांतल्या अकरांपुढे प्रश्नचिन्ह आहे.

समोर बसलेल्या मुलांपैकी दोघे-तिघे कधी कधी रात्री बागेत येऊन बसतात. त्यांच्या घरी कोणी छत्तीसगडी बोलते, कोणी तेलुगू, कोणी आपली झाडीबोली. कोसा हा शब्द छत्तीसगडच्या घरातही चालतो, म्हणून तेवढा आम्हांला समाईक मिळाला. परवा वैशाख अमावास्येला आम्ही साडेदहापर्यंत बसलो. विजेचा खांब बंद होता, त्यामुळे अंधार छान पडला होता. एक मुलगी मोजीत होती आणि दुसरा लिहीत होता. तिने एकदम विचारले, धोतराच्या मागच्या बाजूचेही मोजायचे का? हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. आता आम्ही दोन्ही बाजू मोजतो, पण जुने आकडे एका बाजूचेच आहेत, हे वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहिले आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीत यंदाही तीन कोसे टांगले आहेत. काल हलवून पाहिले, तिन्ही खुळखुळतात. पाऊस अजून आलेला नाही.